पदपथ आराखड्यातच आखा

महोदय,

शहराच्या विकास आराखड्याचे (डीपी) प्रारूप प्रसिद्ध झाले की चर्चा होते ती जमिनींवरील आरक्षणांची. रस्त्यांविषयी हरकती आल्याच, तर त्या रुंदीकरणात कोणाचे बांधकाम जाते एवढ्यापुरत्या. अहवालात 'सुरक्षित, आकर्षक व सर्वांना सुलभ रस्ते' हे वाक्य असते. नकाशावर मात्र दोन समांतर रेषा आणि त्यांच्यामध्ये '१८ मी.' असा आकडा. त्यात चालणाऱ्याला किती, झाडाला किती, गाड्यांना किती, याची वाटणी कुठेच नसते. मग अंदाजपत्रक करताना आधी डांबर मोजले जाते आणि उरेल तो पदपथ. म्हणून सूचना अशी, की प्रत्येक रुंदीच्या डीपी रस्त्याचा आडवा छेद, म्हणजे रस्ता आडवा कापल्यास कोणता भाग किती रुंद हे दाखवणारे चित्र, मापांसह आराखड्याच्या नियमावलीतच जोडावा.

मापे नव्याने शोधायची नाहीत. इंडियन रोड्स काँग्रेसची पादचारी सुविधांची मार्गदर्शिका (आयआरसी १०३) आधीपासून आहे आणि २०१२ मध्ये ती सुधारलीही गेली. निवासी भागात चालण्यासाठी किमान १.८ मीटर, व्यापारी भागात २.५ मीटर आणि कर्बची, म्हणजे पदपथाच्या रस्त्याकडील कडेची, उंची जास्तीत जास्त १५० मिलिमीटर, असे ती सांगते. यातला १.८ मीटर हा मोकळा हवा. सगळी गफलत इथेच होते. कागदावर दोन मीटरचा पदपथ असतो. त्यात विजेचा खांब, केबलची पेटी आणि फलक उभे राहिले की जेमतेम ८० सेंटिमीटर उरतात. व्हीलचेअरला सरळ जायलाच ९० लागतात.

१८ मीटरची वाटणी अशी करता येते: दोन्ही बाजूंना चालायला २ मीटर, त्याला लागून झाडे, खांब आणि बाकांसाठी १.५ मीटरचा पट्टा, मग २.२ मीटर पार्किंग आणि मधे दुतर्फा वाहतुकीला ६.६ मीटर. जिथे लोक रस्ता ओलांडतात, तिथे पार्किंग थांबवून पदपथ पुढे आणायचा. ११ मीटर ओलांडण्याऐवजी ६.६ मीटर ओलांडावे लागतात, शिवाय उभ्या गाडीमागून अचानक कोणी पुढे येत नाही.

कर्बच्या उंचीबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण बरेचसे पदपथ याच एका मापामुळे ओस पडतात. जुना थर खरवडून न काढता त्यावरच नवे डांबर चढवले जाते. रस्ता वर येतो, पाठोपाठ पदपथही उचलला जातो, वरून दुचाकी चढू नयेत म्हणून आणखी भर पडते. होता होता कर्ब ३०० मिलिमीटरवर जातो. आता गाड्या आत जाव्यात म्हणून इमारतीच्या प्रत्येक फाटकापाशी पदपथ खाली उतरवावा लागतो. १:१२ या सुसह्य उताराने ३०० मिलिमीटर उतरायला ३.६ मीटर लागतात आणि पलीकडे चढायला तेवढेच. फाटके जवळजवळ असली की सपाट भाग शिल्लकच राहत नाही. प्रत्यक्षात इतकी जागा कोणी देत नाही, उतार घसरगुंडीसारखा केला जातो आणि लोक खालून, गाड्यांमधून चालू लागतात. कर्ब १५० मिलिमीटर ठेवला तर गाडीला चढायला १:१० चा उतार दीड मीटरमध्ये, म्हणजे झाडांच्या पट्ट्यातच, बसतो. चालण्याची पातळी अखंड राहते. चढउतार गाडीने करायचा, माणसाने नव्हे.

दुचाकी रोखायला पदपथावर दाट बोलार्ड (आखूड खांब) लावणे हा आणखी एक लाडका उपाय. मोटरसायकल अडेल एवढी फट ठेवली की व्हीलचेअरही अडते. ९० सेंटिमीटरपेक्षा कमी अंतर ठेवूच नये. दुचाकींसाठी दंड आहे.

दृष्टिहीनांना वाट कळावी म्हणून बसवलेल्या खुणेच्या पिवळ्या फरश्यांची तर दैना आहे. जपानमध्ये सेइइची मियाके यांनी त्या तयार केल्या आणि १९६७ मध्ये ओकायामा येथे अंधशाळेजवळच्या रस्त्यावर त्या पहिल्यांदा बसल्या. उभ्या पट्ट्या म्हणजे 'चालत राहा', ठिपके म्हणजे 'थांबा, पुढे काहीतरी आहे'. आपल्याकडे त्या नक्षीसारख्या लावतात: पट्ट्यांची रांग सरळ खांबावर आदळते, आणि चेंबरचे झाकण आले की खूणच तुटते. पांढऱ्या काठीने चालणाऱ्याला यापेक्षा साधी फरशी परवडली.

चौकातील कोपऱ्याची गोलाई १० ते १२ मीटर त्रिज्येची ठेवली की गाडी वेग न उतरवता वळते. लहान गल्लीच्या तोंडाशी ३ ते ५ मीटर पुरते. पदपथाच्या पातळीवर उचललेले क्रॉसिंग उत्तमच, पण त्याच्या कडेने पावसाचे पाणी जायला पाइप किंवा जाळीची वाट ठेवावी. ती विसरली की पहिल्याच पावसात तळे साचते आणि क्रॉसिंग उखडण्याची मागणी होते. पेव्हर ब्लॉकचेही तसेच: कडेला पक्का आधार नसेल तर बाहेरची रांग सरकते, सांध्यांतली वाळू वाहून जाते आणि ब्लॉक डुगडुगू लागतात. दोष बहुतेक वेळा ब्लॉकचा नसतो.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नंतर सुलभता ही मेहेरबानी राहिलेली नाही. तेव्हा हरकती-सूचनांच्या टप्प्यावरच नागरिकांनी आडवा छेद मागावा. आणि कंत्राटदाराचे अंतिम देयक काढण्यापूर्वी झालेल्या कामाच्या मोजमाप पुस्तिकेत डांबराच्या नोंदींसोबत दर ५० मीटरवर पदपथाची मोकळी रुंदी व कर्बची उंची लिहिलेली असावी, अशी अट पालिकेने निविदेतच घालावी.

– एक वाचक