जुना व्हॉल्व्ह ॲम्प थेट प्लगला लावू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गिटार वाजवणाऱ्या मुलांना सध्या जुन्या व्हॉल्व्ह ॲम्पची, म्हणजे काचेच्या व्हॉल्व्हवर चालणाऱ्या ॲम्प्लिफायरची, ओढ लागली आहे. कुणी परदेशातला फेंडर किंवा मार्शल मागवतो, कुणी मंडपवाल्याच्या गोदामात पडलेला भोंग्याचा ॲम्प आणून त्याला गिटार जोडतो. आवाजाची ही पारख चांगलीच आहे. काळजी वाटते ती पहिल्या पाच मिनिटांची. वर्षानुवर्षं बंद असलेला सेट आणल्याआणल्या प्लगला लावला, की ट्रान्सफॉर्मर जळण्याची वेळ येते. आत ४०० ते ५०० व्होल्ट डीसी खेळत असतात, हेही अनेकांना ठाऊक नसतं.

व्यवहार ठरण्याआधी मागची पट्टी वाचा. अमेरिकेतला सेट ११७ किंवा १२० व्होल्टचा असतो, जपानमधला १०० व्होल्टचा. अमेरिकन सेट आपल्या २३० वर लागला तर व्हॉल्व्ह तापवणाऱ्या ६.३ व्होल्टच्या फिलामेंटला १२ व्होल्ट मिळतात. ५० वॉटच्या ॲम्पला निदान ३०० व्हीएचा स्टेपडाउन (व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर) घ्या. दोन पिनांची वायर असेल तर काढून तीन कोअरची घाला आणि अर्थिंग चेसिसला, म्हणजे सेटच्या धातूच्या सांगाड्याला, नटबोल्टने आवळा. जुन्या अमेरिकन सेटमध्ये मेन लाइनपासून चेसिसपर्यंत ०.०४७ मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) असतो. तो शॉर्ट झाला की चेसिसमध्ये करंट येतो, आणि गिटारच्या तारांमध्येसुद्धा. तीन कोअर वायर घातल्यावर तो कापूनच टाकावा.

विकणारा मागचं झाकण उघडू देत नसेल तर सौदा सोडा. व्हॉल्व्हच्या काचेवरचा चंदेरी डाग दुधासारखा पांढरा झाला असेल तर आत हवा शिरली आहे, तो व्हॉल्व्ह गेला. व्हॉल्व्ह बदलता येतात. आउटपुट ट्रान्सफॉर्मर (व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्यामधला) मात्र महाग आणि मिळायलाही अवघड. सेट बंद करून, कपॅसिटर रिकामे करून (कसे ते पुढे दिलं आहे), ईएल३४ किंवा ६एल६ हे आउटपुट व्हॉल्व्ह काढा आणि प्रत्येक सॉकेटच्या ३ नंबर पिनेपासून ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या टॅपपर्यंत ओहम मोजा. दोन्ही बाजूंत थोडा फरक असला तरी चालतो. एका बाजूला मीटर हललाच नाही तर वाइंडिंग तुटलेलं आहे.

कपॅसिटर रिकामा करायला स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडू नका. १० किलोओहम, १० वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी जोडून दहा सेकंद धरा, मग मीटरने खात्री करा.

पहिल्यांदा चालू करताना फेजमध्ये १०० वॉटचा पिवळा फिलामेंटचा बल्ब सिरीजमध्ये घाला. एलईडी चालत नाही. आधी सगळे व्हॉल्व्ह काढून ठेवा. बल्ब क्षणभर पेटून मंदावला तर पुढे जा, लख्ख पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे. मग रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा व्हॉल्व्ह) घाला, शेवटी बाकीचे व्हॉल्व्ह.

जुन्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर (पॉवर सप्लायचे मोठे फिल्टर कपॅसिटर) मात्र जीव अडकवू नये. आतलं द्रव्य सुकलेलं असतं, ऑक्साइडचा थर विरलेला असतो. एकदम पूर्ण व्होल्टेज बसलं की तो करंट खेचतो, तापतो, फुटतो आणि जाताना ट्रान्सफॉर्मरलाही घेऊन जातो. डिमरस्टॅटने (व्होल्टेज कमीजास्त करणारं यंत्र) व्होल्टेज हळूहळू चढवून काही कपॅसिटर सावरतात, पण तीसेक वर्षांपूर्वीचे बदललेलेच बरे. व्होल्टेज मूळच्यापेक्षा कमी नको. मायक्रोफॅरडही मनाने वाढवू नका: जीझेड३४ या रेक्टिफायर व्हॉल्व्हनंतरच्या पहिल्या कपॅसिटरला ६० मायक्रोफॅरड ही कमाल मर्यादा आहे. बायसचा (आउटपुट व्हॉल्व्हचा करंट आवरणाऱ्या व्होल्टेजचा) छोटा कपॅसिटर बदलताना प्लस टोक चेसिसकडे येतं, कारण ते व्होल्टेज उणे असतं. घाईत तो उलटा लागतो आणि आउटपुट व्हॉल्व्ह लालबुंद होतात.

व्हॉल्व्हमधली प्लेट (धातूचा पत्रा) लाल दिसली की त्याच क्षणी बंद करा. नंतर दोन आउटपुट व्हॉल्व्हची अदलाबदल करून काही सेकंद पाहा. लाली व्हॉल्व्हबरोबर सरकली तर व्हॉल्व्ह खराब. त्याच सॉकेटवर राहिली तर त्या बाजूचा कपलिंग कपॅसिटर (आधीच्या व्हॉल्व्हकडून सिग्नल आणणारा) गळतो आहे किंवा ग्रिडचा रेझिस्टर आतून तुटला आहे. दुरुस्तीनंतर बायस लावताना ईएल३४ च्या प्लेटची २५ वॉटची मर्यादा धरा. प्लेटवर ४५० व्होल्ट असतील तर या मर्यादेच्या ७० टक्क्यांनी ३९ मिलिॲम्पियर येतात. जुन्या सेटला ३३ पुरेत. कॅथोडला १ ओहमचा रेझिस्टर लावला की मिलिव्होल्टचा आकडा तोच मिलिॲम्पियर.

घरघर कशाची, हेही ओळखता येतं. १०० सायकलची असेल तर फिल्टर कपॅसिटर, ५० सायकलची असेल तर फिलामेंटची वायरिंग किंवा अर्थिंग. ईसीसी८३ आणि १२एएक्स७ हा एकच व्हॉल्व्ह आहे. जुन्या रेडिओवाल्याकडे भारत इलेक्ट्रॉनिक्सचा मिळाला तर खुशाल वापरा.

भोंग्याच्या ॲम्पला मागे १०० व्होल्ट लाइनचे (लांबच्या भोंग्यांसाठीचे) स्क्रू असतात. गिटारचा स्पीकर त्यांना जोडू नका, ८ ओहमच्या स्क्रूलाच जोडा. आणि कुठलाही व्हॉल्व्ह ॲम्प स्पीकरशिवाय वाजवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर त्यानेच जातो.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. ॲम्प भिंतीला चिकटवू नका, मागे वीतभर जागा सोडा. यंत्रमागाच्या वस्तीत राहणाऱ्यांनी ट्रान्सफॉर्मरवर साचलेलं सूत दर महिन्याला कोरड्या ब्रशने झाडावं, अर्थात प्लग काढून आणि कपॅसिटर रिकामे करून.

— एक वाचक, सोलापूर