स्कॅनर बिघडलेला नव्हता

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आमच्या छोट्या कार्यालयातील प्रिंटर स्कॅन केलेले कागद अचानक ईमेलने पाठवेनासा झाला आणि यंत्रात कोणताही बिघाड नसताना दुरुस्तीवाल्याला दोनदा बोलवावे लागले. कारण एवढेच, की त्याच्या ईमेल सेटिंगमध्ये पोर्टचा (सर्व्हरशी जोडणीच्या मार्गाचा) क्रमांक २५ टाकलेला होता. सर्व्हर-सर्व्हरमधील टपालाचा हा मार्ग स्पॅमच्या धास्तीने अनेक इंटरनेट पुरवठादार ग्राहकांसाठी बंद ठेवतात, आणि आपले टपाल पासवर्डसह ५८७ किंवा ४६५ या पोर्टवरून सोपवायचे असते. एसएमटीपी ही पद्धत ईमेल पाठवण्यासाठी आणि आयमॅप ही आलेले ईमेल वाचण्यासाठी असते, हा भेद ठाऊक असता, तर पाठवण्याच्या रकान्यात आयमॅप सर्व्हरचे नाव भरून आम्ही एक अख्खी दुपार (आणि बराच चहा) वाया घालवली नसती. जीमेलचे खाते वापरायचे, तर द्विस्तरीय पडताळणी सुरू करून वेगळा ॲप पासवर्ड (नेहमीच्या पासवर्डऐवजी यंत्रात भरायचा) घ्यावा लागतो, हेही विक्रेत्याने सांगितले नव्हते. डीएचसीपीमुळे (राउटर यंत्रांना नेटवर्कवरचे पत्ते आपोआप वाटतो, त्या पद्धतीमुळे) प्रिंटरचा आयपी पत्ता बदलण्याची तक्रार मात्र राउटरमध्ये तो पत्ता राखून ठेवताच मिटली.

विक्रेत्यांनी यंत्रासोबत या मोजक्या संज्ञांचे एकपानी मराठी माहितीपत्रक द्यावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, पुणे