वह्या पुरेत, ताईंच्या मानधनाचे बोला

प्रति,
मा. संपादक,

महोदय, सप्रेम नमस्कार.

जून लागला की आपल्या अंकात एक छायाचित्र रोज निराळ्या मथळ्याखाली येते. मधोमध पाहुणे, त्यांच्या हातात वह्यांचा गठ्ठा, गठ्ठ्याचे दुसरे टोक धरलेली एखादी मुलगी आणि मागे फलक. त्यातल्या बऱ्याच मुली मला ओळखू येतात, कारण संध्याकाळी त्या आमच्याच अभ्यासिकेत येऊन बसतात. यंदा तर एक मुलगी एकाच आठवड्यात दोन फोटोंत दिसली. वही देणारे वेगळे, फ्रॉक तोच.

मी राष्ट्रीयीकृत बँकेतून कारकून म्हणून निवृत्त झालो आणि सध्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका लहानशा संस्थेचा खजिनदार आहे. संस्थेचे नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर ही जाहिरात आहे असे वाटेल. अशोक चौकाच्या पलीकडे एक भाड्याचा हॉल आहे. पूर्वी तिथे माग चालायचे, त्यांचे बोल्ट अजून फरशीत आहेत आणि नवीन पोर आले की हमखास ठेचकाळते. संध्याकाळी साडेपाच ते आठ मुले अभ्यासाला बसतात. दुपारी त्याच हॉलमध्ये आयाबायांचे अर्ज भरून देतो. काम एवढेच. पण ते चालते मुलांना शिकवणाऱ्या आणि घरोघर जाणाऱ्या दोन ताईंवर, आणि आम्हाला पैसे कमी पडतात ते नेमके या ताईंच्या मानधनाला. पत्र लिहायचे कारण तेच.

पूर्व भाग ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. इथल्या बऱ्याच घरांत बाप मागावर किंवा गारमेंटमध्ये आणि आई विड्या वळते. सकाळी विडी कारखान्याच्या ब्रँचला जायचे, कालच्या विड्या मोजून द्यायच्या, पाने-तंबाखू घेऊन घरी यायचे. मग पाने भिजवा, कापा, सूप मांडीवर घेऊन बसा. मजुरी दर हजार विड्यांमागे. पाने खराब निघाली तर विड्या कमी भरतात, आणि ती तूट बाईने स्वतःच्या पैशाने बाजारातून पाने आणून भरून काढायची. म्हणून घरातले प्रत्येक रिकामे बोट कामाला लागते. सहावी-सातवीतल्या मुलीची बोटे बारीक असतात, विडीचे तोंड दुमडायला आणि दोरा बांधायला तीच बरी पडतात. आईला दोष देण्यात अर्थ नाही. उजेड असेतो हजार पूर्ण करायची घाई तिला असते.

आता या मुलीला आपण वही दिली, तर ती लिहिणार कधी?

आमच्या दोन ताईंपैकी मोठ्या ताई स्वतः विडी कामगाराची मुलगी. बारावी झाल्या, लग्न झाले, दोन मुले आहेत. घरी तेलुगू बोलतात, शाळा मराठीत झाली, शेजारणींमुळे कन्नडही येते. पहिलीतले पोर घरी तेलुगू ऐकून येते आणि मराठी धड्यापुढे गप्प बसते, तेव्हा त्यांचा काय उपयोग होतो हे बघायला पाहुण्यांनी संध्याकाळी यावे. पाहुणे सकाळी अकरा वाजता येतात.

भिंतीवर हजेरीच्या तक्त्याशेजारी त्यांनी दुसरा एक तक्ता लावला आहे, पाण्याचा. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येते, हे आपले वाचक जाणतातच. ज्या गल्लीत पाणी, त्या गल्लीतली मुले त्या दिवशी घागरींच्या रांगेत. तक्त्यावरून ताईंना कळते की कोण पाण्यामुळे आले नाही आणि कोणाचे कारण वेगळे आहे. वेगळे कारण वाटले की त्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घरी जातात. कोणत्याही वर्गात, कोणत्याही योजनेत हे काम लिहिलेले नाही.

अशाच एका फेरीत सातवीतली एक मुलगी सापडली. वडील मागावर होते, आजारपणात गेले. आजी आणि आई दोघी विड्या वळत होत्या आणि मुलगी सकाळपासून दोरा बांधत होती. शाळेच्या पटावर तिचे नाव होते, एवढेच. ताईंनी आधी उपदेश केला नाही, चहा घेतला. मग विचारले, "अक्का, बालसंगोपनचा अर्ज केला का?" कोणी ऐकलेच नव्हते.

क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आपल्या राज्याची. आई किंवा बाप गेलेल्या, अडचणीत सापडलेल्या कुटुंबातील मुलाला अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत संस्थेऐवजी घरातच वाढवता यावे म्हणून दरमहा मदत मिळते. २०२३ साली ती ११०० वरून २२५० रुपये झाली. विडीच्या घरात हा आकडा लहान नाही. मुलीला सुपावरून उठवून शाळेत बसवायला तो पुरतो, हे मी वहीखाते बघून सांगतो. पण मिळवायचे कसे? मृत्यूचा दाखला, आधार, रेशनकार्ड, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचे बोनाफाईड, बँकेचे खाते, मग घरी येऊन चौकशी, मग बालकल्याण समितीचा आदेश. आणि आमच्या भागात नेहमी होते तसे मृत्यूच्या दाखल्यावर वडिलांचे आडनाव आधी आणि आधारवर शेवटी, त्यात स्पेलिंगही निराळे. त्या बाईने एक दिवस कार्यालयात घालवायचा म्हणजे एक दिवसाच्या विड्या गेल्या. दोनदा परत पाठवले की तिसऱ्यांदा ती जात नाही. ताई तिच्यासोबत शेअर रिक्षाने गेल्या, प्रतिज्ञापत्र करून घेतले, खाते बंद पडले होते ते केवायसी करून चालू केले. पैसे खात्यावर यायला महिने गेले. तेवढ्या काळात ताई दर आठवड्याला घरी डोकावत राहिल्या, नाहीतर मुलगी पुन्हा दोऱ्याला बसली असती.

यात वही कुठे आली, सांगा.

दुसरे उदाहरण विडी कामगारांच्या मुलांच्या शिष्यवृत्तीचे. केंद्राच्या श्रम कल्याण विभागाची ही योजना जुनी आहे. पहिली ते चौथीला वर्षाला १००० रुपये, नववी-दहावीला २०००, अकरावी-बारावीला ३०००, व्यावसायिक पदवीला २५,००० पर्यंत. अर्ज सगळा ऑनलाइन, राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर. आईचे विडी कामगाराचे ओळखपत्र लागते आणि आधारशी जोडलेला मोबाईल लागतो. मोबाईल बापाकडे, बाप दुसऱ्या पाळीला, आणि ओटीपी दहा मिनिटांत संपतो. हा ओटीपीचा खेळ आमच्या धाकट्या ताई सांभाळतात. एका नोंदवहीत कोणाचा नंबर कोणाकडे, तो घरी किती वाजता असतो, हे लिहून ठेवले आहे. नोकरीत असताना मी अनेक लेजर पाहिली, इतके उपयोगी क्वचितच.

तिसरे, घरकुलांचे. शहराबाहेर कुंभारीला आधी विडी कामगारांची गोदूताई परुळेकर वसाहत झाली, दहा हजार घरे. मग रे नगर, त्यातल्या १५ हजार घरांच्या किल्ल्या १९ जानेवारी २०२४ ला दिल्या गेल्या. विडी कामगार बाईला स्वतःच्या नावाचे पक्के घर मिळाले, याचा आनंद आम्हालाही आहे आणि त्यासाठी ज्यांनी वर्षानुवर्षे मोर्चे काढले त्यांचे ऋण मोठे आहे. पण जानेवारी म्हणजे शाळेच्या वर्षाचा मध्य. घर बदलले, शाळा इथेच राहिली. काही मुले रोज रिक्षाने येऊ लागली, काही पंधरा दिवसांत यायची थांबली. ताईंनी यादी केली, फोन केले, कोणाचा दाखला काढायचा आणि कोणाला परीक्षेपर्यंत इथेच नातेवाइकाकडे ठेवायचे हे घरोघर बसून ठरवले. त्या दोन महिन्यांचा रिक्षाखर्च मी जमाखर्चात कशाखाली दाखवावा हे आमच्या ऑडिटरलाही समजेना.

आता पैशाचे बोलतो, तो माझा प्रांत.

एका कंपनीचे लोक आमच्याकडे आले होते. भली माणसे. हॉल पाहिला, मुलांशी बोलले आणि विचारले, काय हवे? मी म्हटले, दोन ताईंचे वर्षाचे मानधन द्या. त्यांचे चेहरे बदलले. "सर, सॅलरी आम्हाला चालत नाही. ॲडमिनमध्ये जाते. पाच टक्क्यांची लिमिट आहे." मग दप्तरे पाठवली. छान होती, त्यावर कंपनीचे चिन्ह होते.

ही समजूत चुकीची आहे आणि ती शहरातल्या उद्योजकांत सर्रास आहे, म्हणून इथे लिहितो. कंपनी कायदा २०१३, कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकारापुढच्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के सामाजिक कामावर, म्हणजे सीएसआरवर, खर्चायचे आहेत. त्यात प्रशासकीय खर्चाला पाच टक्क्यांची मर्यादा आहे हे खरे. पण २०२१ च्या सुधारित नियमांत स्पष्ट म्हटले आहे की हा प्रशासकीय खर्च म्हणजे त्या कंपनीने स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण कारभारावर केलेला खर्च. एखाद्या प्रकल्पाच्या प्रत्यक्ष अंमलबजावणीवर होणारा खर्च त्यात धरत नाहीत. मुलांना शिकवणारी, घरी जाणारी ताई हीच आमची अंमलबजावणी. तिला पगार न देता प्रकल्प चालवायचा म्हणजे ड्रायव्हर न ठेवता बस भेट देण्यासारखे आहे.

व्यक्तिगत देणगीदारांचेही असेच. ज्यांना प्राप्तिकरात सवलतीसाठी ८०जी ची पावती हवी असते त्यांना मी सांगतो की वह्या, दप्तरे, धान्य अशा वस्तुरूप देणगीला ती सवलत मुळात मिळतच नाही. पैसे दिले तर मिळते. रोख असेल तर दोन हजारांपर्यंतच, त्यापुढे चेक किंवा बँकेतून. आणि नवी करप्रणाली घेतली असेल तर तीही नाही. तरी लोक वह्याच आणतात. कारण वही दिसते. मानधन दिसत नाही, त्याचा फोटो निघत नाही.

सरकारनेही मुलांना कागदाचा तुटवडा ठेवलेला नाही. आठवीपर्यंत सरकारी आणि अनुदानित शाळांत पाठ्यपुस्तके मोफत मिळतात. २०२३ साली तर पाठ्यपुस्तकातच प्रत्येक धड्यामागे कोरी पाने घातली होती, २०२५ मध्ये ती पुन्हा काढली. दुपारचा आहारही शाळेत आहे. त्याबद्दल कुरकुर करायची तर निराळे पत्र लिहावे लागेल. सांगायचे एवढेच की वस्तू देणारे हात भरपूर आहेत. वस्तू आणि मूल यांच्या मधली जी बाई आहे, तिच्याकडे कोणी बघत नाही.

"सेवाभावाने का करत नाहीत?" असे एका सद्गृहस्थांनी मला तोंडावर विचारले. मी त्यांना विचारले, आपले दुकान सेवाभावाने उघडता का? ताई घरी बसून विड्या वळल्या असत्या तर त्यांना जितके मिळाले असते, जवळपास तितकेच आम्ही देतो, आणि तेही एखाद्या महिन्यात उशिरा. गेल्या वर्षी आमच्या एक चांगल्या ताई गारमेंटमध्ये गेल्या. त्यांचे काही चुकले नाही. पण त्यांच्याबरोबर चार गल्ल्यांची माहिती गेली, ती नव्या ताईंना जमवायला दिवाळी उजाडली. तेवढ्यात आठवीतली दोन मुले सुटली ती सुटलीच.

सोलापूर हात आखडणारे गाव नाही. सिद्धेश्वरांच्या यात्रेत आणि नारळी पौर्णिमेला मार्कंडेयांच्या रथापुढे किती अन्नदान होते, मंडळे किती वर्गणी गोळा करतात, हे मी लहानपणापासून पाहतो. शहरातल्या प्रत्येक मोठ्या मंडळाने आपल्या वर्गणीतून आपल्याच भागातल्या एका अभ्यासिकेच्या एका ताईचे बारा महिन्यांचे मानधन उचलावे, अशी माझी सूचना आहे. आमचीच अभ्यासिका हवी असे नाही. पैसे रोख देऊ नका, बँकेत स्थायी सूचना द्या म्हणजे दर महिन्याच्या पाच तारखेला आपोआप जातील. अर्ज एका पानाचा आहे आणि भरून द्यायला मी कोणत्याही मंडळाच्या कार्यालयात येतो. वर्षअखेरीस संस्थेकडून धर्मादाय आयुक्तांकडे दिलेल्या हिशेबाची प्रत मागून घ्या. जी देत नाही तिला पुढच्या वर्षी देऊ नका.

आणि संपादक महोदय, आपल्याला एक विनंती. वह्यावाटपाची बातमी छापताना आपल्या वार्ताहराने आयोजकांना एक प्रश्न विचारावा: या मुलांना रोज शिकवते कोण आणि तिला पगार कोण देते? उत्तर मिळाले तर तेही छापावे, फोटोच्या खाली, लहान टाइपात चालेल.

ज्यांना वह्याच द्यायच्या आहेत त्यांनी त्या जानेवारीत आणाव्यात. जूनच्या सगळ्या तोवर संपलेल्या असतात. आणि शंभर पानी एकरेघी आता नकोत, पहिली-दुसरीच्या मुलांना दुरेघी लागते.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी
पूर्व भाग, सोलापूर

(कृपया नाव छापू नये.)