राईनपाडा मानसशास्त्राच्या तासाला शिकवा

महोदय,

बी.ए.ची आपल्याकडची मुले सामाजिक मानसशास्त्राच्या व्याख्या गाईडमधून घडाघडा पाठ करतात. पण १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाड्यात काय घडले, हे त्याच व्याख्यांच्या आधारे मांडा म्हटले की वर्ग गप्प होतो. आठवडे बाजाराचा दिवस होता. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवर फिरत होती आणि जमावाने नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाच्या पाच निरपराध माणसांना ठेचून मारले. परका समूह, अफवा, अनुरूपता (म्हणजे इतर करतात तसेच करणे), गर्दीत हरवणारे स्वत्व, सगळे धडे या एका घटनेत आहेत. खानदेशात तरी शिकवताना सुरुवात इथूनच व्हायला हवी.

बघ्यांचा धडा तर फार मोलाचा. लाताने आणि डार्ली या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये खोलीत धूर सोडून पाहिले. एकटे बसलेल्यांपैकी ७५ टक्क्यांनी धुराची खबर दिली. सोबत दोघे जण मुद्दाम निर्विकार बसवले, तेव्हा जेमतेम १० टक्क्यांनी. म्हणजे माणसे निर्दयच असतात असे नाही, ती एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहतात.

म्हणूनच प्रात्यक्षिकात मुलांकडून हे करून घ्यावे: गर्दीला उद्देशून ओरडायचे नाही, एकाच माणसाकडे बोट दाखवून म्हणायचे, “निळ्या शर्टवाले भाऊ, तुम्ही ११२ ला फोन लावा.”

– मानसशास्त्राची एक प्राध्यापिका, धुळे