कलिंगडाची रोपं थंडीतून काढून देणाऱ्या मावशींना

मावशी, सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानायला आलं की तुम्ही 'चहा घे आधी' म्हणून विषय बदलता. म्हणून हे चार लोकांत लिहितोय. नात वाचून दाखवील, तेव्हा मध्येच उठून जाऊ नका.

गेल्या हंगामाचं गणित तुम्हाला ठाऊकच आहे, वाचणाऱ्यांसाठी सांगतो. रमजानात कलिंगडाला मागणी असते, पण रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०२५ मध्ये तो मार्चच्या सुरुवातीलाच लागला. कलिंगडाला लावणीपासून ७०-७५ दिवस धरले, तर त्या बाजारात माल न्यायला रोपांसाठी बी डिसेंबरातच टाकायला हवं. आणि डिसेंबरातलं आपलं निफाड! कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा एक आकडी झाला की दुसऱ्या दिवशी पेपरात आपल्या तालुक्याचं नाव. गव्हाला ती थंडी मानवते, द्राक्षवाले पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. कलिंगडाच्या बियाला मात्र २५ ते ३० अंशांची ऊब लागते. पंधराच्या खाली ते हलत नाही, ओल्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुश्यात) नुसतं पडून कुजतं. आणि संकरित बियाण्याची किंमत बघता एकेक दाणा मोजून लावायचा.

सल्ले भरपूर मिळाले. कोणी म्हणालं पोल्ट्रीतले पिवळे बल्ब लाव. तुम्ही एवढंच विचारलंत, 'रात्रीची लाइट गेली तर कोण जागणार?' विषय संपला.

मग तुम्ही पडवीत अक्षरशः बाळंतिणीची खोली केलीत. गार कोब्यावर आधी भुसा, त्यावर बारदान, मग ९८ कप्प्यांचे ट्रे एकावर एक. वरून काळं प्लास्टिक आणि त्यावर आमच्या आईची जुनी गोधडी. कोकोपीट मुठीत दाबलं तर जेमतेम थेंब सुटावा, एवढंच ओलं. बाहेरून ऊब आणलीच नाहीत तुम्ही. दुपारची होती ती रात्रभर जाऊ दिली नाहीत, इतकंच.

खरी कमाल तर पुढे होती. झाकायला सगळेच सांगतात, उघडायचं कधी हे तुम्ही शिकवलंत. रोज सकाळ-संध्याकाळ थप्पीत हात घालून बघायचात. मधले ट्रे जास्त उबदार, तिथलं बी आधी फुगतं, म्हणून वरचे-खालचे ट्रे मधे सरकवायला लावलेत. एका संध्याकाळी मधला ट्रे ओढलात आणि मला जवळ बोलावलंत. कोकोपीटला बारीक भेगा, त्यातून पाठ वाकवून वर येणारे पांढुरके कोंब, तेही दहा-बारा कप्प्यांतच. मी म्हटलं, उद्या सगळे दिसले की काढू. तुम्ही ऐकलं नाहीत. अंधारात एका रात्रीत कोंब दोऱ्यासारखा लांबतो आणि तसलं रोप पुढे उभं राहत नाही, म्हणालात. तिथल्या तिथे ट्रे उतरवून बोगद्यात, म्हणजे कमानींवर प्लास्टिक ताणलेल्या बुटक्या मांडवात, मांडले.

बोगद्याचं वेळापत्रकही तुमचंच. उन्हं चढली की प्लास्टिकची तोंडं उघडायची, नाहीतर दुपारी आत भट्टी होते. चारच्या आसपास, उन्हं कलायच्या आत, ती बंद करायची म्हणजे दिवसाची ऊब आतच राहते. पाणी सकाळी दहानंतर आणि विहिरीचं. रात्रभर गारठलेल्या टाकीचं नाही. संध्याकाळी तर थेंबसुद्धा नाही, कारण गार आणि ओलं एकत्र आलं की मर, म्हणजे रोपं बुडाशी कुजून कोलमडायचा रोग, लागलीच. काही रोपांच्या पानांवर बियाच्या टरफलाची टोपी अडकली होती. ती मी नखानं काढायला गेलो, तर तुम्ही हातावर चापट दिलीत. पाण्याचा फवारा मारलात, थोड्या वेळानं टोप्या आपोआप गळल्या. (चापट अजून लक्षात आहे.)

शेवटचे तीन-चार दिवस पाणी तोडून, प्लास्टिक काढून रोपं थंडीला सवयीची केलीत, तेव्हा आईला दया येत होती. पण लावणीनंतर वर क्रॉप कव्हर, म्हणजे रोपं झाकायचं पातळ कापड, टाकलं, आणि तूट सांधायला फार थोडी रोपं लागली.

माल वेळेवर निघाला. भाव काय मिळाला ते इथे लिहीत नाही, उसने मागणारे वाचत असतील. तुमच्या घरी पाठवलेली कलिंगडं 'मोजून हिशोबात धर' म्हणालात, ते मात्र मी धरलेलं नाही आणि धरणार नाही. आणखी एक. रोपवाटिकेत रोजंदारीवर इतकी वर्षं तुमचे हात हे काम करतायत, पण पाटीवर नाव कायम मालकाचं. निदान माझ्या रानातली रोपं कोणी केली असं कोणी विचारलं, तर मी तुमच्याच घराकडे बोट दाखवतो.

पुढच्या साली, म्हणजे २०२६ मध्ये, रमजान फेब्रुवारीतच लागतोय, म्हणजे बी नोव्हेंबर अखेरीलाच टाकावं लागेल. ट्रे धुऊन उन्हात वाळवलेत, भुसाही बाजूला काढून ठेवलाय. या खेपेला मजुरी ठरवूनच हात लावायचा, आणि आकडा तुम्ही सांगायचा.

तुमचा,
बांधापलीकडचा शेजारी