‘मिश्र वाइन’ नव्हे, मिश्र मळा

संपादक महोदय,

व्हिएन्नाच्या प्रवासवर्णनांत डॅन्यूबकाठच्या नुसडॉर्फचा उल्लेख आला, की तिथल्या ‘गेमिश्टर झाट्स’ला सरसकट ‘मिश्र वाइन’ म्हटले जाते. हे चुकीचे आहे. तयार वाइन टाकीत एकत्र ओतून ती होत नाही. मिसळण तोडणीआधीच, मळ्यात झालेली असते. ग्र्यूनर वेल्टलिनर, रिझलिंग, वाइसबुरगुंडर अशा द्राक्षजातींच्या वेली एकाच तुकड्यात लावतात, एकत्र तोडतात आणि रस एकत्रच आंबवतात. 2013 पासूनच्या डीएसी (ऑस्ट्रियातील वाइनचे मूळस्थान-मानांकन) नियमांनुसार किमान 3 पांढऱ्या जाती हव्यात. एकीचा वाटा 50 टक्क्यांवर नको, वाट्याने तिसऱ्या जातीचा 10 टक्क्यांखाली नको.

यामागे शेतकऱ्याचा हिशेब आहे. फुलोऱ्यात थंडी-पावसाने एक जात गळाली तरी दुसरी हाती लागते. लवकर पिकणारी साखर देते, उशिराची आंबटपणा राखते. खरी कसोटी तोडणीच्या तारखेची. रिझलिंगसाठी थांबावे आणि तेवढ्यात पाऊस आला, तर आधी पिकलेले दाट घड आतून कुजू लागतात. बाहेरचे मणी धड दिसतात, देठापाशी बोट घातले की करडी बुरशी सापडते. असे घड हातानेच वेचून टाकावे लागतात.

आणखी एक चूक हळूहळू होते: मेलेल्या वेलींच्या जागी दरवेळी एकच सोयीची जात लावत गेले, की प्रमाण बिघडते. नांगे (मेलेल्या वेलींच्या रिकाम्या जागा) भरताना ओळीनिहाय जातींची नोंद हवीच.

तेव्हा ‘मिश्र मळ्याची वाइन’ असेच छापावे, ही विनंती.

– एक वाचक