आंबिल ओढ्यासाठी माणसं, वेळ आणि थोडे पैसे हवे आहेत

सस्नेह नमस्कार.

आम्ही पद्मावतीपासून दांडेकर पुलापर्यंत आंबिल ओढ्याच्या काठाला राहणारी मंडळी. काही सोसायट्यांतले, काही वस्त्यांतले. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री ओढ्याला पूर आला तेव्हा इथे काय झालं ते पुण्यात कुणाला नव्याने सांगायला नको. टांगेवाले कॉलनीत भिंत कोसळून माणसं गेली. तेव्हापासून दर उन्हाळ्यात गाळ काढा, सीमाभिंत बांधा, अशा मागण्या आम्हीही करत आलो आहोत आणि पुढेही करूच. पण ओढा काही आपल्या भिंतीपाशी सुरू होत नाही.

त्याचं पाणी जमतं कात्रजच्या डोंगरात. तिथे काळा पाषाण, वर मुरमाचा पातळ थर. जोराचा पाऊस झाला की थोडंफार मुरतं, बाकीचं ओहोळांनी खाली धावतं. भिलारेवाडीचा तलाव भरला की सांडव्यावरून ते कात्रजच्या खालच्या तळ्यात येतं, आणि तिथून बालाजीनगर, पद्मावती, अरण्येश्वर करत मुठेला. एक चौरस किलोमीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा लाख लिटर पाणी. शंभर मिलिमीटर पडला तर दहा कोटी. डोंगर फोडून प्लॉट पाडले, ओहोळात राडारोडा टाकून जागा सपाट केली, म्हणून हे पाणी कमी होत नाही. उलट ते लवकर येऊन पोचतं.

पेशवाईत हा हिशेब लोकांना कळत होता, असं म्हणायला जागा आहे. नानासाहेबांनी कात्रजला तलाव बांधून तिथलं पाणी दगडी नळाने शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांत खेळवलं. पर्वतीच्या पायथ्याशी याच ओढ्याच्या पाण्यावर तळं केलं. आजची सारसबाग त्याच जागेवर आहे. नळाचे उच्छ्वास, म्हणजे आतली हवा सुटायला बांधलेले मनोरे, अजून कुठे कुठे दिसतात. पाण्याची वाट तेव्हाही वळवली, पण पाण्याला जागा ठेवून.

आम्हाला या पावसाळ्याआधी दोन कामं करायची आहेत. पहिलं, डोंगरापासून मुठेपर्यंत ओढा आणि त्याला मिळणारे ओहोळ पायी फिरून नकाशावर घ्यायचे: कुठे मोरी तुंबलीय, कुठे पात्र अरुंद झालंय, कुठला ओहोळ बुजवलाय. दुसरं, वरच्या भागात काही घरांच्या गच्चीवर साधे पर्जन्यमापक बसवायचे आणि पुलांच्या खांबांवर पाण्याच्या पातळीच्या खुणा रंगवायच्या. वरच्याने रात्री फोन केला तर खालच्याला म्हातारी माणसं आणि गाड्या हलवायला वेळ मिळतो, एवढी साधी गोष्ट आहे.

यासाठी माणसं हवीत. चालणारी हवीत, नकाशा काढता येणारी हवीत, आणि कात्रज-भिलारेवाडीला राहणारी तर हवीतच. त्यांच्याशिवाय यातलं काहीच होणार नाही. जुने जाणते असतील त्यांनी ओढ्याचे जुने फोटो दाखवावेत, पाणी पूर्वी कुठून वाहायचं ते सांगावं. पैसे लागतील ते पर्जन्यमापक, रंग, हातमोजे आणि गमबुटांपुरते. रोख घेणार नाही. ज्याला जमेल त्याने वस्तूच आणून द्यावी, पावती मिळेल, आणि झालेला खर्च सोसायट्यांच्या फलकावर लागेल.

नावं आपापल्या सोसायटीच्या सचिवांकडे किंवा वस्तीतल्या मंडळाकडे द्या. फेरी भिलारेवाडीच्या तलावापासून खाली उतरत येईल. वाट निसरडी आहे, चपला घालून येऊ नये.